किल्ल्यांना मान, होड्या बांधणाऱ्यांचं काय?

खाडीकाठचा:
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यातले दर्याचे. आनंद आहेच. पण तेव्हापासून कोकणात वारसा म्हटलं की तटबंदी, जेट्टी आणि पार्किंग एवढंच कानावर येतं. ज्या आरमारासाठी हे किल्ले होते ते लाकडाचं होतं. विजयदुर्गजवळ गिर्येला खडक फोडून केलेली गोदी अजून आहे. किल्ला बघायला येणाऱ्यांपैकी तिकडे कितीजण वळतात? (आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गलाच जळालं, तेही पेशवे इंग्रजांच्या बाजूला असताना. हे वाटाड्या सहसा सांगत नाही.) इकडे लाकडी होडी बांधणाऱ्या सुतारांच्या हाताला काम नाही. वारशाच्या नावाने येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा हवा.

तारकर्लीकर:
भावना समजली, हिशेब नाही समजला. पर्यटन नव्हतं तेव्हा मालवणची पोरं मुंबईची वाट धरत होती. आज स्कूबा, होडीफेरी, न्याहारी-निवास यावर कितीतरी घरं चालतात. लाकडी होडीला दरवर्षी तेल द्या, फळ्या बदला, आणि चांगलं लाकूड परवडतं कुणाला? फायबरची होडी हलकी, किडत नाही. मच्छीमाराने खर्चिक होडी सांभाळायची आणि आपण तिचे फोटो काढायचे, हा कुठला न्याय?

रापणकर:
तुमचा दोघांचा भांडाण होडी कसली ह्यावर. होडयेत मासळी खंय आसा ता आधी बघा.
रापण म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? होडी जाळं अर्धगोल टाकत जाते, मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं माणसं ओढतात, आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. वारसा शोधत गिर्येला जायला नको, तो इथेच आहे. पर्ससीनवर (अख्ख्या झुंडीला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. कागदावर सगळं आहे. बांगड्याची झुंड बाहेरच उचलली गेली तर आम्ही काय वाळू ओढायची?

बंदरावरचा:
रापणकर, पर्ससीन म्हणजे राक्षस नव्हे. त्या नौकांवर खलाशी आहेत, बंदरात बर्फाचे कारखाने आहेत, रत्नागिरीत मासळी प्रक्रिया आहे, तिथे बायका कामाला आहेत. नियम मोडणाऱ्याला दंड करा, मी विरोध करणार नाही. पण उद्या सगळं रापणीवर सोडलं तर मुंबईचा बाजार भरेल का?

रापणकर:
मुंबईचा बाजार भरायची जबाबदारी आमच्यावर कुणी टाकली?

खाडीकाठचा:
तारकर्लीकर, फायबर बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. किल्ल्यावर पाहुणे नेणाऱ्या होड्यांपैकी काही लाकडी ठेवा. जास्तीचा खर्च तिकिटातून वसूल होईल, मच्छीमाराच्या खिशातून नाही. केरळात बेपूरला लाकडी उरू, म्हणजे मोठी जहाजं, आजही बांधतात, कारण आखातातून गिऱ्हाईक येतं. गिऱ्हाईक टिकलं म्हणून कारागीर टिकला.

तारकर्लीकर:
उरू घेणारे धनिक. आमचा पाहुणा होडीत पाय ठेवण्याआधी घासाघीस सुरू करतो. चार होड्या हौसेने बांधाल, पाचवीला पैसे कोण देणार? हां, गोदीवर एक धड फलक आणि माहिती सांगणारा स्थानिक माणूस ठेवा. तेवढ्याला माझा पाठिंबा.

रापणकर:
फलक वाचून सुतार जेवणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, तेव्हा पावसाळ्यात आमच्या होड्याही वर ओढलेल्या असतात. पैसा द्यायचाच तर त्या दोन महिन्यांत दुरुस्तीला द्या, लाकडी असो की लाकडाच्या सांगाड्यावर फायबर चढवलेली. फुकट नको, अर्धे आम्ही घालू.