वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना खुर्चीतून हलवायचं कसं? खेळ सुचवा

कोपऱ्यावरची:
नमस्कार मंडळी. सांगलीजवळ एका छोट्या वृद्धाश्रमात मी अधूनमधून संध्याकाळची जाते. पंचवीसेक जण आहेत, निम्मे वॉकर नाहीतर व्हीलचेअरवर, काहींना विस्मरण, दोघांना पॅरालिसिस होऊन गेलाय, बाकीचे तसे धडधाकट पण खुर्चीला चिकटलेले. सकाळी एक मुलगा येऊन हात वर हात खाली करून घेतो, त्याला सात-आठ जण येतात आणि तेही मॅडम दारात उभ्या असतात म्हणून. उरलेला दिवस टीव्ही, जेवण, टीव्ही. व्यायामाचे तक्ते नकोत प्लीज, यूट्यूबवर ढिगाने आहेत, मला असं काही हवंय ज्याला लोक आपणहून येतील. बजेट जवळपास शून्य. आणि एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, काहीही काढलं की "पोरखेळ तुमचे तुम्हीच खेळा" म्हणतात आणि त्यांच्याकडे बघून आणखी चार जण उठत नाहीत. त्यांचं काय करू तेही सांगा.

झुणका_भाकर:
हेडमास्तरांच्या हातात शिट्टी आणि वही द्या. खेळायला बोलवूच नका, पंच म्हणून बोलवा.

फिजिओताई:
झुणका_भाकर यांना अनुमोदन, खरंच चालतं हे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन वृद्धाश्रमांत जाते. फुग्याचा व्हॉलीबॉल लावा. समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा, मध्ये दोरी, त्यावर जुनी ओढणी, झालं नेट. फुगा हळू खाली येतो म्हणून नजर आणि हात दोन्हींना वेळ मिळतो आणि बॉल अंगावर येईल ही भीती राहत नाही. ज्या आजी खांदा दुखतो म्हणून केस विंचरायला हात वर नेत नाहीत त्या फुगा मारायला बरोब्बर नेतात, मी दर वेळी बघते. फक्त विस्मरणाचे पेशंट असतील तर रबरी फुग्याऐवजी हवा भरायचा प्लॅस्टिकचा हलका बॉल घ्या, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात अडकतो. रंग पिवळा किंवा लाल, भिंतीवर उठून दिसेल असा.

आता जरा कटकट करते. निळ्या प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्च्या नकोत, घसरतात. हाताच्या जड खुर्च्या, पाठ भिंतीला. व्हीलचेअरचे ब्रेक लावून घ्या आणि पाय जमिनीला टेकत असतील तर पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना खाली पडलेला बॉल वाकून उचलू देऊ नका, त्यासाठी एक पोरगा उभा ठेवा. पॅरालिसिसवाल्यांचा कमजोर हात कोणीही ओढायचा नाही, खांदा सटकतो, त्यांनी स्वतःच चांगल्या हाताने तो धरून दोन्ही हातांनी मिळून बॉल ढकलायचा. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना झटकन उठवू नका, कडेला सरकून बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. डायबेटिसवाले अनवाणी नकोत. आणि खेळताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली तर खेळ बंद, डॉक्टर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत 65 च्या पुढच्यांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल आणि तोल-ताकदीचं काहीतरी तीन दिवस असं आहे. आकडा बघून घाबरू नका, त्यातच लिहिलंय की थोडं केलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं. तुमच्याकडच्या लोकांसाठी मला विचाराल तर खुर्चीतून उठणं-बसणं ही एकच गोष्ट सोन्यासारखी, कारण संडासला एकट्याने जाता येणं त्यावर आहे. पण "उठा, बसा" म्हटलं की शाळेतली शिक्षा वाटते. म्हणून खेळात लपवा, पॉइंट मिळाला की ज्यांना जमतं त्यांनी उभं राहून टाळी द्यायची.

मावशी_डे_ड्युटी:
मी अशाच ठिकाणी कामाला आहे म्हणून सांगते, खेळापेक्षा काम द्या. आमच्याकडे मटारचा ढीग टेबलावर ओतला की ज्या आजी फिजिओला "बोटं वळत नाहीत" सांगतात त्याच सगळ्यात आधी सरसावतात, आणि कोण किती सोलतंय यावर टोमणे सुरू. वाती वळणे, शेवग्याच्या शेंगा मोडणे, धुतलेले नॅपकिन झटकून घड्या, सगळं चालतं. एक आजोबा एसटीत कंडक्टर होते, त्यांना चहाची कुपनं वाटायला दिली, आता वॉकर घेऊन प्रत्येक खोलीत जाऊन येतात आणि सुट्ट्या पैशांवरून सगळ्यांना झापतात (पैसे घ्यायचेच नसतात हो!). त्यांना कोणी चाला म्हणालं असतं तर चालले नसते.

दुपारी जेवल्या जेवल्या काही करू नका आणि टीव्ही बंद करायचा, दोन्हीकडून आवाज आला की कानाचं मशीनवाले वैतागतात.

एडिसनकर:
माझी सासू न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये होती. तिकडे रहिवाशांसाठी ॲक्टिव्हिटीचा कार्यक्रम ठेवणं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे महिन्याचं कॅलेंडर भिंतीवर, बिंगो, बसून बोलिंग वगैरे. सासूबाईंना बिंगो ओ की ठो कळायचं नाही, त्या जायच्याच नाहीत. मग आम्ही चार मराठी बायकांनी नवरात्रात तिथे भोंडला केला, पाटावर हत्ती, भोवती खुर्च्यांचं गोल, गाणी म्हणत पाय आपटायचे आणि शेजारणीच्या हाताशी टाळी. एका इटालियन आजींना खिरापत ओळखायचा प्रकार एवढा आवडला की पुढे आठवडाभर विचारत होत्या, आज डब्यात काय. सांगायचा मुद्दा, खेळ त्यांच्या लहानपणातला पाहिजे. मंगळागौरीतलं सूप नाचवणं बसून मस्त होतं, पिंगा बसून फक्त खांद्या-मानेने, पण मान हळू. पुरुषांसाठी लेझीम, टाळ.

पार्किन्सन्सचा_मुलगा:
टाळावरून आठवलं, पार्किन्सन्सवाले कोणी असतील तर ठेका फार उपयोगी. बाबांचं पाऊल दारात अडकलं की मी "एक दोन, एक दोन" म्हणायचो आणि ते सुटायचं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या शुभार्थींसाठी (पेशंटना ते असं म्हणतात) हृषीकेश पवार यांनी नृत्याचे वर्ग घेतलेत, चौकशी करून बघा.

हास्यानंद:
हास्यक्लब कसा कोणी सांगितला नाही? डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेला, शून्य खर्च.

अठ्ठ्याहत्तर_नाबाद:
मी अशाच एका ठिकाणी राहतो, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. हास्यक्लब आमच्याकडे झाला, ज्यांना आवडतो त्यांनी करावा, मला हुकमावर हसता येत नाही. तुमच्या हेडमास्तरांची बाजू घेतो. कॉलेजची मुलं येतात, आम्हाला कागदी टोप्या घालतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात आणि बॉल नुसता हातात आला तरी "व्वा आजोबा!" म्हणून टाळ्या. अहो, मी तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जं नामंजूर केली आहेत. मला हरवा की! खरा स्कोअर ठेवा, हरणाऱ्याला हरू द्या, चिडू द्या. आमच्याकडे रिंग फेकायची स्पर्धा लागते, पूर्व विंग विरुद्ध पश्चिम विंग, हरलेल्यांनी रविवारची भजी आणवायची. त्या दिवशी गुडघेदुखीची तक्रार कोणाकडूनच येत नाही. आणि "नको" म्हटलं की नको. कडेला बसून बघू द्या, बघता बघता माणूस सल्ले द्यायला लागतो आणि मग उठतोच.

कोपऱ्यावरची:
काका, भजीची आयडिया उचलली! सगळ्यांना थँक्यू. आता असं ठरवलंय की आधी बॉल-ओढणी, दोन टीम, हेडमास्तर पंच. मॅडमनी हो म्हटलंय, पण डॉक्टरांकडून कोणाला काय चालणार नाही याची यादी आधी आणा म्हणाल्या. एक अडचण, ज्यांचा हात खांद्यापर्यंतसुद्धा उचलत नाही त्यांनी बॉल कसा मारायचा?

फिजिओताई:
जुन्या पेपरच्या जाड सुरळ्या करा, वर सेलोटेप. हात कमरेएवढा उचलला तरी सुरळी पुरते. पकड ढिली असेल तर मुठीकडच्या टोकाला जुना मोजा चढवा, जाड होतं. पण शेजारच्याला लागणार नाही एवढं अंतर ठेवा, हे लोक पेटले की कोणाचं ऐकत नाहीत.

झुणका_भाकर:
आणि शिट्टी नवीन घ्या, हेडमास्तर उष्टी वाजवणार नाहीत.