मदत हवी आहे: लांबच्या ट्रेकसाठी आपल्या स्टोव्हला बसणारा गॅसचा डबा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात मी आणि माझी मैत्रीण १२ दिवसांच्या ट्रेकला निघतोय. सगळं सामान पाठीवर, स्वयंपाक आमचा आम्ही करणार, आणि वाटेत ७व्या दिवशी एकच गाव लागतं. सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत विमानाने जायचंय. गॅसचा डबा विमानात ना हातातल्या बॅगेत चालत ना सामानात, म्हणजे तो तिथे उतरल्यावरच शोधावा लागणार. बाकीची तयारी झाली आहे, घोडं अडलंय ते फक्त या डब्यापाशी.

मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे माझं नेमकं कुठे चुकलं ते तुमच्या लक्षात येईल. माझा स्टोव्ह डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायचा, आट्यांचा आहे. त्याच्या माहितीपत्रकात 'ईएन ४१७'चा डबा वापरा असं लिहिलंय. दुकानात चार-पाच प्रकारचे डबे होते. मी हातात घेऊन फक्त तो आकडा शोधला, तो दिसला, डबा सॅकमध्ये गेला. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो, अंधार पडला होता, हेडटॉर्चच्या उजेडात टोपण काढलं आणि बोट फिरवलं तर आटेच लागेनात. मधोमध गुळगुळीत उंचवटा आणि त्यात झडप. स्टोव्ह वर ठेवला की नुसता गरगर फिरायचा. दाबून बघितला, तेव्हा फुस्स करून थोडा गॅस बोटांवर आला. बोटं इतकी गार पडली की मी डबा खाली ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. पुढचे दोन दिवस आम्ही सगळं कोरडं आणि गार खाल्लं. मैत्रिणीला रात्री थंडी वाजत होती आणि तिला कपभर गरम पाणी देता आलं नाही, ते अजून मनातून जात नाही.

तर मला विचारायचंय की डब्यावर प्रमाणाचा आकडा बरोबर असूनही तो बसला का नाही? स्टोव्ह एका कंपनीचा आणि डबा दुसऱ्या कंपनीचा चालतो का? माहितीपत्रकात तर 'फक्त आमचाच वापरा' असंही आहे. आणि तिथे नेमका वेगळ्याच तोंडाचा डबा मिळाला तर अडॅप्टर लावणं कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद

तुमची फसगत त्या आकड्याने केली. ईएन ४१७ हे पुन्हा न भरता येणाऱ्या धातूच्या गॅस डब्यांचं युरोपीय प्रमाण आहे, आणि त्यात झडप असलेले आणि नसलेले असे दोन्ही डबे येतात. म्हणजे आट्यांच्या डब्यावर तो आकडा असतो, तसाच बिनआट्याच्या डब्यावरही असू शकतो. डबा भक्कम आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध. तुमच्या स्टोव्हला बसेल का, ते फक्त तोंड बघून कळतं.

तोंडं साधारण अशी भेटतात. बुटका, घुमटासारखा डबा, मधल्या उंचवट्याला बाहेरून बारीक आटे: हा तुमचा. याला लिंडाल झडपेचा डबा म्हणतात, आट्यांचं माप ७/१६ इंच, म्हणजे व्यास ११ मिलिमीटरच्या आसपास, आणि इंचाला २८ आटे. एमएसआर, जेटबॉइल, प्रायमस, ऑप्टिमस, सोटो, स्नो पीक, सगळ्यांचे डोक्यावर बसणारे स्टोव्ह याच मापाचे.

तुम्हाला मिळाला तो बहुतेक क्लिकचा. दिसायला तसाच बुटका, पण आटे नाहीत. स्टोव्ह वरून दाबून किंचित फिरवला की खट्कन बसतो. कॅम्पिंगगॅझचे सीव्ही २७०, सीव्ही ४७० हे या जातीचे. फ्रान्स आणि आसपासच्या देशांत हे जास्त दिसतात आणि तिथे जाणारी माणसं हमखास इथेच चुकतात. त्याच कंपनीचा सी २०६ तर आणखी वेगळा, त्याला झडपच नाही. स्टोव्हची सुई त्याला भोक पाडते.

शिवाय उंच, सडपातळ, फवाऱ्याच्या डब्यासारखा दिसणारा असतो, कॉलरला एक खाच असलेला. तो टेबलावरच्या आडव्या शेगडीचा. आणि जाड पत्र्याचा, ४६५ ग्रॅम प्रोपेनचा सिलिंडर असतो, त्याचे आटे १ इंचाचे. तो तुमच्या स्टोव्हला बसत नाही आणि पाठीवर न्यायलाही फार जड.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कंपनीबद्दल: आट्यांच्या डब्यात एकाचा स्टोव्ह आणि दुसऱ्याचा डबा मी कित्येक वर्षं वापरतोय, अडचण आलेली नाही. 'फक्त आमचाच' हे कंपनी लिहिते, कारण तिने चाचण्या स्वतःच्या डब्यावर केलेल्या असतात. पण एक गोष्ट तपासाच. स्टोव्हच्या बुडाशी आत एक पिन असते, ती डब्याची झडप दाबते. पिन जरा आखूड आणि झडप जरा खोल असा जोड जमून आला, तर आटे पूर्ण बसूनही ज्योत मिणमिणती राहते. म्हणून शक्य तर डबा घेतल्या घेतल्या, बाहेर मोकळ्यावर, एकदा पेटवून बघा. मुक्कामाला पोचेपर्यंत थांबू नका.

दुकानात जाताना बर्नर सोबत न्या, सॅकच्या तळाशी ठेवू नका. दुकानदाराला शब्दात सांगण्यापेक्षा बर्नर त्याच्या हातात दिलेला बरा. भाषा येत नसेल तर आणखीच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज जुना अर्धवट डबा काढून पट्टीने मोजला, ११ मिलिमीटर बरोबर भरले. स्टोव्ह उलटा करून पिनही बघितली. तिच्या भोवतीच्या ओ-रिंगला, म्हणजे गॅस गळू न देणाऱ्या रबरी कडीला, एका जागी चीर गेली आहे, हे तुमच्यामुळेच दिसलं. नवी मागवते.

आता दोन शंका राहिल्या. दोघींना १२ दिवसांसाठी किती गॅस लागेल? आणि शेवटचे चार मुक्काम उंचावर आहेत, पहाटे तापमान शून्याखाली ५ पर्यंत जाईल असं कळलंय. मागे एकदा अशाच थंडीत अर्धा भरलेला डबा पेटता पेटत नव्हता. तो खराब होता का?

प्रतिसाद

डबा खराब नव्हता. आत काय भरलंय त्याचा हा खेळ आहे. साधं ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, आयसोब्यूटेन उणे ११.७ ला, प्रोपेन उणे ४२ ला. बाहेरचं तापमान उत्कलनबिंदूच्या खाली गेलं की द्रवाची पुरेशी वाफ होत नाही, आणि वाफ पुरेशी नाही तर दाबही पुरेसा नाही. आता यातली गोम बघा. डबा सरळ उभा असताना वरची वाफ जळते, आणि वाफेत प्रोपेन जास्त असतं. म्हणजे प्रोपेन आधी संपत जातं. नवा डबा थंडीत झकास पेटतो आणि तोच अर्धा झाल्यावर रुसतो, ते यामुळे. त्यात वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता देतो, म्हणून जळता डबा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होत जातो. बाहेरून दव किंवा बर्फाची साय धरते, ती याचीच खूण.

म्हणून लेबलवर वाचायचं असेल तर हे वाचा: आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण आहे का. नुसतं 'ब्यूटेन' लिहिलेला डबा खालच्या मुक्कामांना चालेल, तुमच्या वरच्या चार मुक्कामांना नाही. नवे, भरलेले डबे वरच्या मुक्कामांसाठी राखा, अर्धवट झालेले खाली संपवा. रात्री डबा झोपण्याच्या पिशवीत पायाशी घेऊन झोपा. पहाटे उथळ ताटलीत साधं पाणी घालून डबा त्यात उभा करा. पाणी द्रव आहे तोवर ते शून्याच्या वरच असतं आणि डब्याला तेवढी ऊब पुरते. उकळतं पाणी कधीही नको.

वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा डब्यासकट पूर्ण गुंडाळू नका. ज्योतीची धग आत कोंडते आणि डबा तापतो. हाताला डबा गरम लागला तर स्टोव्ह बंद. तंबूच्या आत तर पेटवूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रतिसाद

किती लागेल याचा हिशोब मी असा करतो. १ लिटर पाणी १० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३८० किलोज्यूल लागतात. १ ग्रॅम गॅसमधून ४६ किलोज्यूलच्या आसपास मिळतात, पण त्यातली निम्मीच भांड्यात पोचते, बाकी वाऱ्यावर. म्हणजे लिटरमागे १६ ते १७ ग्रॅम. झाकण ठेवलंत आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ दिली नाहीत तर यापेक्षा कमी लागतो.

दोघींना दिवसाला ३ लिटर उकळायचं धरलं तर ५० ग्रॅमच्या आसपास, १२ दिवसांचे सुमारे ६००. थंडी-वारा धरून ६५० म्हणा. गावात डबा मिळेल या भरवशावर मी राहणार नाही; एखाद्याने आदल्याच दिवशी शेवटचा नेलेला असतो. डबे १००, २३० आणि ४५० ग्रॅमचे मिळतात. ४५०चा एक आणि २३०चा एक घेतला तर मोकळ्या डब्यांचं वजन कमी पडतं, तरीही मी २३०चे तीन घेईन. दोघींत वाटता येतात, एकाची झडप गळली तरी बाकीचे शाबूत राहतात, आणि वरच्या मुक्कामाला अगदी नवा डबा फोडता येतो.

किती उरलाय ते कळायला डबा पाण्यात तरंगवा. भरलेला खोल बुडतो, रिकामा वर येतो. एमएसआरच्या डब्यावर याच्या खुणाच छापलेल्या असतात. दुसऱ्या डब्यांना घरी वजनकाट्यावर ठेवून मार्करने वजन लिहून ठेवा. भरलेल्याच्या वजनातून आतल्या गॅसचं वजन वजा केलं की पत्र्याचं वजन निघतं. २३०च्या डब्याला ते साधारण १३० ते १५० ग्रॅम असतं.

प्रतिसाद

अडॅप्टरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. सडपातळ डब्याला आट्यांचा स्टोव्ह जोडणारे आणि क्लिकच्या डब्याला जोडणारे, दोन्ही मिळतात. मी पहिला वापरलाय. डबा आडवा ठेवायचा आणि कॉलरची खाच वरच्या बाजूला; खाच खाली गेली तर द्रव गॅस थेट बर्नरमध्ये येतो आणि हातभर भडका उडतो. डोक्यावर बसणाऱ्या तुमच्या स्टोव्हला हा जोड डुगडुगतो, भरलेलं भांडं कलंडू शकतं. नळीने जोडलेला, तीन पायांवर वेगळा उभा राहणारा स्टोव्ह असेल तर ठीक. शिवाय या डब्यांत बहुतेक वेळा नुसतं ब्यूटेन असतं, म्हणजे वर थंडीचं जे सांगितलंय ते लागू. क्लिकचा अडॅप्टर मात्र सोबत ठेवायला हरकत नाही, वजन नगण्य. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे.

एक विनंती. स्वस्तातल्या डब्यातून रिकाम्या डब्यात गॅस भरायचे जोडही विकायला असतात. ते करू नका. द्रवाला तापल्यावर फुगायला वर मोकळी जागा लागते. जरा जास्त भरला गेला आणि डबा उन्हात राहिला तर तो फुटतो. हे डबे पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नाहीत.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ काढून लिहिलंत, मला फार आधार वाटला. ठरवलंय ते असं: आयसोब्यूटेन-प्रोपेनचे २३०चे तीन आट्यांचे डबे. ते नाहीच मिळाले तर क्लिकचे, म्हणून तो अडॅप्टर मागवलाय. बर्नर सॅकच्या वरच्या कप्प्यात. आज घरी जुन्या डब्यावर तालीमही केली. स्टोव्हची चावी बंद आहे ना ते दोनदा बघितलं, आटे तिरके चढू नयेत म्हणून आधी उलटं फिरवून खटका लागू दिला, मग सरळ. शेवटच्या फेऱ्याला क्षणभर फुस्स झालं आणि थांबलं. साबणाच्या पाण्यात चिरलेल्या ओ-रिंगपाशी खरंच दोन बारीक बुडबुडे आले, म्हणून पेटवला नाही.

एकच राहिलं. परत येताना अर्धा उरलेला डबा विमानात चालणार नाही हे माहीत आहे. पूर्ण रिकामा चालतो का?

प्रतिसाद

नाही, रिकामाही काढून घेतात. आत थोडा गॅस राहिलेलाच असतो. उरलेला डबा शेवटच्या मुक्कामाला ट्रेक सुरू करणाऱ्या कोणाला तरी द्या, पण देताना त्यांचा स्टोव्ह आट्यांचा आहे ना ते विचारा.