एअरड्रॉपसाठी (क्रिप्टोच्या फुकट वाटपासाठी) आतेभावाला ऐंशी हजार द्यावेत का? रविवारच्या आत मत हवंय

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण हिशेबासकट मांडतो, म्हणजे सांगणाऱ्याला नीट सांगता येईल.

मी जयसिंगपूरला एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. आत्याची फॅमिली पेन्शन आहे, दोन ठेवी आहेत, तिचं रिटर्न दरवर्षी मीच भरतो. गेल्या आठवड्यात तिचं एआयएस (आयकर खात्याच्या साइटवरचं वार्षिक माहितीपत्रक) उघडलं तर १९४एस कलमाखाली १८९ रुपये टीडीएस दिसला. हा टीडीएस एक टक्का असतो. म्हणजे आत्याच्या पॅनवर १८,९०० रुपयांचं क्रिप्टो विकलं गेलं होतं. आत्याला स्वतःच्या मोबाइलचं रिचार्जसुद्धा करता येत नाही. विचारलं तर म्हणाली, "धाकट्याने आधार कार्ड मागितलं होतं बाबा. माझा फोटो काढला आणि मान इकडे तिकडे वळव म्हणाला."

धाकटा म्हणजे माझा आतेभाऊ. वय २६, शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. कामाला चोख आहे, व्यसन नाही. त्याच संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. कॉटखाली एक्स्टेंशन बोर्ड, त्याला पाच जुने फोन चार्जिंगला लावलेले, प्रत्येकाच्या पाठीवर व्हाइटनरने नंबर घातलेला. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला येतो आणि दोन वाजेपर्यंत हे फोन एकेक करून हातात घेतो. सकाळी डोळे लाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एखादा नवीन क्रिप्टो प्रकल्प स्वतःचं टोकन (डिजिटल नाणं) बाजारात आणताना त्यातला काही हिस्सा सुरुवातीच्या वापरकर्त्यांना फुकट वाटतो, तो एअरड्रॉप. कोण पात्र हे एखाद्या मागच्या तारखेचा स्नॅपशॉट (त्या क्षणापर्यंतच्या व्यवहारांची नोंद) घेऊन ठरवतात. त्यामुळे पुढे कोण वाटेल याचा अंदाज बांधून लोक आधीपासूनच तिथे व्यवहार करत राहतात.

भावाची सुरुवात खरोखर चांगली झाली होती, आणि गुंता तिथेच आहे. २०२२ मध्ये रूममेटच्या सांगण्यावरून त्याने आर्बिट्रम नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवर थोडे पैसे फिरवले होते. २३ मार्च २०२३ ला, म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आर्बिट्रमने टोकन वाटली. सव्वासहा लाख वॉलेट (क्रिप्टो ठेवायची खाती) पात्र ठरली होती. याला सगळ्यात खालच्या पायरीची ६२५ टोकन मिळाली. त्या संध्याकाळी क्लेमचं (टोकन ताब्यात घ्यायचं) पान सारखं बंद पडत होतं, हा कारखान्याच्या गेटबाहेर उभा राहून रिफ्रेश करत होता. विकून बासष्ट हजारांच्या आसपास हातात आले आणि त्यातून आत्याला फ्रिज आला. तो फ्रिज स्वयंपाकघरात उभा आहे, त्यामुळे घरात याच्या विरोधात कुणी बोलत नाही. (त्या वर्षीचं त्याचं रिटर्नच भरलेलं नाही. ते मी वेगळं बघतोय.)

त्यानंतरचा हिशेब मी त्याला समोर बसवून वहीत उतरवला. पाडवा २०२३ पासून आजपर्यंत: गॅस फी (दर व्यवहाराचं शुल्क) आणि एका चेनवरून, म्हणजे क्रिप्टो नेटवर्कवरून, दुसरीवर पैसे नेण्याचा खर्च २७,४०० रुपये. सिमकार्डं आणि प्रॉक्सी (इंटरनेटचा पत्ता वेगळा दाखवायची सोय) ६,२००. एका टेलिग्राम ग्रुपवर आलेल्या बनावट क्लेम लिंकवर सही केल्यामुळे गेले ते ९,८००. एकूण ४३,४००.

जमेच्या बाजूला झीकेसिंक या प्रकल्पाच्या एअरड्रॉपचे १८,९०० (तेच आत्याच्या पॅनवरचे) आणि हॅम्स्टर कॉम्बॅट या टेलिग्रामवरच्या खेळात चार महिने बोट आपटून ७४० रुपये. एकूण १९,६४०. फरक २३,७६० रुपयांचा, आणि त्यात अडीच वर्षांच्या रात्री धरलेल्या नाहीत.

लेयरझिरो या प्रकल्पाच्या एअरड्रॉपवर त्याचा सगळ्यात जास्त भरवसा होता. त्यासाठी अकरा वॉलेट चालवली. मे २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की एकाच माणसाची अनेक वॉलेट असतील तर स्वतःहून कबूल करा, हिश्श्याचे पंधरा टक्के देऊ. हा गप्प राहिला. जूनमध्ये अकराच्या अकरा वॉलेटवर शून्य. त्याला ते अजून अन्याय वाटतं. मी व्यवहार बघितले. अकरा वॉलेटमध्ये एकाच रात्री, एकाच ठिकाणाहून, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तेवढीच रक्कम गेलेली. पुढचे व्यवहारही त्याच क्रमाने. आमच्या ऑफिसात एका हाताने लिहिलेली अकरा बिलं आली तर मलाही ती लगेच ओळखू येतात.

आता मुद्दा. त्याला नोकरी सोडून हे पूर्णवेळ करायचंय. त्यासाठी ऐंशी हजार हवेत: पन्नास माझ्याकडून, आणि आत्याची भिशी या महिन्यात लागणार आहे त्यातले तीस. नवीन फोन घ्यायचे आणि उरलेलं भांडवल. म्हणतो, "दादा, एक आर्बिट्रम परत लागलं की सगळं वसूल."

मला या धंद्यातलं आतलं कळत नाही. आपल्यासारख्या माणसाला यात आता खरंच काही मिळतं का? की त्याचं काम चुकतंय आणि नीट केलं तर जमेल? रविवारी आत्याच्या घरी बसायचं ठरलंय. त्याला नुसतं नाही म्हणून तोडायचं नाहीये, कारण आमच्या घरात माझं ऐकणारा तो एकटाच आहे.

रातपाळी यांचा प्रतिसाद

मी २०२१ पासून यात आहे, त्यामुळे भावाची बाजू मला कळते. पहिला मोठा एअरड्रॉप आयुष्यभर डोक्यातून जात नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या ठिकाणाने १ तारखेच्या आधी वापर केलेल्या प्रत्येक वॉलेटला किमान ४०० टोकन दिली. ज्यांचा व्यवहार फसला होता त्यांनासुद्धा. पहिल्या दिवसांच्या भावाने ते हजार डॉलरच्या वर होते. ते शक्य झालं कारण कुणाला कल्पनाच नव्हती. लोक गरजेपोटी वापरत होते आणि बक्षीस नंतर आलं. आज प्रकल्प सुरू होण्याआधीच त्याची वाट बघणारे लाखो लोक दारात उभे असतात. वाटायची रास ठरलेली असते, हात वाढले की वाटा घटतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये हॅम्स्टर कॉम्बॅटला तेरा कोटींवर लोक पात्र होते आणि टोकनचा भाव साधारण एक सेंट. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, हायपरलिक्विड या क्रिप्टो सौद्यांच्या बाजाराने ३१ कोटी टोकन सुमारे ९४ हजार वॉलेटना दिली. चार डॉलरच्या खाली सुरू झालेला भाव डिसेंबरातच तीसच्या पुढे गेला. म्हणजे एअरड्रॉप मेलेला नाही. पण हायपरलिक्विडचा मोठा वाटा कुणाला गेला? तिथे स्वतःचे पैसे लावून महिनोन्‌महिने फ्युचर्सचे (पुढच्या भावावर लावलेले) सौदे करणाऱ्यांना. पाच फोनांवर टास्क करून तो मिळाला नाही. आणि लिव्हरेजवर (उसन्या पैशावर) सौदे करताना माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी वाटपाआधीच भांडवल घालवलंय.

आता बहुतेक ठिकाणी एअरड्रॉपचा वाटा ठरवायला पॉइंट असतात आणि ते रक्कम गुणिले दिवस असे मोजतात. भावाचे ऐंशी हजार म्हणजे नऊशे-साडेनऊशे डॉलर. समोरच्याने नव्वद हजार डॉलर ठेवले तर त्याच क्लिकला शंभरपट पॉइंट. बरं, ते नऊशे डॉलर अकरा वॉलेटमध्ये वाटले की प्रत्येकात ऐंशी उरतात. तुमच्या भावाची झीकेसिंकवर कोणती वॉलेट लागली ते बघा. ज्यांत पैसे पडून राहिले होते तीच असणार, तिथे शिलकीला वजन होतं.

माझं स्वतःचं आता एकच वॉलेट आहे. जी गोष्ट मला एरवीही वापरायची असते तीच वापरतो, आठवड्याला तासभर. लागलं तर लागलं. नोकरी सोडून अजिबात करू देऊ नका. याला पगाराची तारीख नसते.

उंब्रजनाका यांचा प्रतिसाद

मिळालेलं टोकन रुपयात आणताना काय होतं त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. टीडीएस आणि कटकट टाळायला मी पीटूपीवर, म्हणजे थेट अनोळखी माणसाला, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) विकले. घेणाऱ्याने पैसे टाकले, मी टोकन सोडली. तीन आठवड्यांनी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना. बँकेत गेल्यावर कळलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय, तो पैसा कुणालातरी फसवून उकळलेला होता. माझं पगाराचं खातं चार महिने अडकलं, गाडीचे दोन हप्ते बाउन्स झाले. चूक नसताना स्टेटमेंटं, स्क्रीनशॉट, अर्ज, सगळं मलाच पुरवावं लागलं.

तुमच्या आत्याचे १८,९०० कोणत्या खात्यात आले ते आज बघा. पेन्शनचं खातं असेल तर ते आधी यातून बाहेर काढा. बाकी चर्चा नंतर.

कोरीपाटी यांचा प्रतिसाद

वरच्या दोघांशी सहमत, पण एक बाजू राहतेय. मी पॉलिटेक्निक करताना टेस्टनेटवर (प्रकल्पाच्या सरावाच्या नेटवर्कवर) असाच वेळ घालवला. एअरड्रॉपमध्ये फार नाही मिळालं, पण व्यवहार एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) वाचायला लागलो, मग थोडं कोडिंग, आणि आज त्यावरच नोकरी आहे. भावाला विचारा, फक्त टास्क पुरे करतो की आत काय चाललंय तेही बघतो? दुसरं असेल तर ऐंशी हजारांऐवजी एक चांगला लॅपटॉप आणि नोकरी सांभाळून एखादा कोर्स. पहिलं असेल तर रातपाळी म्हणतात तेच.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, सोमवार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तीन तास बसलो.

उंब्रजनाका, तुमचा प्रतिसाद वाचून शनिवारीच पासबुक बघितलं. पैसे आत्याच्या पेन्शनच्याच खात्यात आले होते. सुदैवाने एक्सचेंजमार्फत (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीमार्फत) आलेत, पीटूपीचं काही नाही. ते खातं आता एक्सचेंजपासून तोडलंय.

रातपाळी, तुमचा झीकेसिंकचा अंदाज बरोबर निघाला. अकरांपैकी दोनच वॉलेट लागली होती आणि दोन्हींत आजारपणात तो पैसे हलवायचं विसरला होता. हे कळल्यावर तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला. तीसपस्तीस रात्री जे केलं नव्हतं त्याचेच पैसे मिळाले होते.

मग त्याच्या मुख्य वॉलेटने कुणाकुणाला पैसे काढायच्या परवानग्या दिल्यात ती यादी काढली. ज्या बनावट लिंकवर ९,८०० गेले तिला दिलेली यूएसडीटी काढायची परवानगी वर्षभरानंतरही तशीच चालू होती, आणि रकमेला मर्यादा नाही. म्हणजे माझे पन्नास हजार त्याच वॉलेटमध्ये यूएसडीटी होऊन आले असते तर समोरच्याने तेही उचलले असते. थोडा गॅस भरून ती रद्द केली. वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, गॅलरीत फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे ते वॉलेटच सोडून नवीन केलं. शब्द कागदावर लिहून आत्याच्या कपाटात ठेवलेत.

पैसे देणार नाही हे मी स्पष्ट सांगितलं. आत्याची भिशी ठेवीत जाईल. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मग फ्रिज कसा आला दादा?" मी म्हटलं, फ्रिज तुझ्याच पैशाचा आहे, तो कुणी काढून घेत नाहीये. एक वॉलेट आणि एक फोन ठेवतोय, बाकीचे चार विकायला काढले. लॅपटॉपचं दिवाळीच्या बोनसला बघू असं ठरलंय.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. १८,९०० रुपये कमावले भावाने, पॅन आणि केवायसी आत्याचं. क्रिप्टो आल्यामुळे तिला आता आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ मध्ये व्हीडीएचं (आभासी डिजिटल मालमत्तेचं) परिशिष्ट भरावं लागेल. आमच्या ऑफिसात दोन मतं आहेत. एक म्हणतं, टोकन मिळाली त्या दिवसाचा भाव इतर उत्पन्नात दाखवा आणि विक्रीला तीच खरेदी किंमत धरा. त्याने भाव वाढेल म्हणून दोन महिने थांबून पडत्या भावात विकली, त्यामुळे तसं केलं तर तोटा निघतो, जो कुठेच वळता करून घेता येत नाही. दुसरं म्हणतं, खरेदी शून्य धरा आणि सगळ्यावर तीस टक्के अधिक सेस भरून मोकळे व्हा. आणि गॅसचा खर्च तर दोन्हीकडे वजा होत नाही. पण त्याआधीचा प्रश्न असा की हे आत्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं की भावाच्या? टीडीएस तिच्या पॅनला जुळतो, उत्पन्न त्याचं आहे. असं प्रकरण कुणी निस्तरलं असेल तर जरूर लिहा. रिटर्नची मुदत जवळ आलीय.