मदत हवी आहे: प्राथमिक शाळेत ‘ब्रिटिश मूल्ये’ आणि प्रिव्हेंट (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरमध्ये राहतो. मुलगा इयर फोरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तिसरीच्या वयाचा. त्याच्या शाळेत मी पेरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळावरचा पालक प्रतिनिधी आहे आणि आता सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. प्रिव्हेंटही त्यातच येतं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: मुलं अतिरेकी विचारांकडे ओढली जाऊ नयेत याची काळजी घेणं १ जुलै २०१५ पासून इथल्या शाळांना कायद्याने बंधनकारक आहे; यालाच प्रिव्हेंट म्हणतात. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि वेगळ्या श्रद्धेच्या लोकांबद्दल आदर व सहिष्णुता, ही ‘ब्रिटिश मूल्ये’ शिकवणंही अपेक्षित असतं. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे इन्स्पेक्टर ते तपासतात.

मूल्यांबद्दल कुणाचाच वाद नाही. अडचण प्रिव्हेंट या नावाची आहे. ते ऐकलं की पालक, विशेषतः मुस्लिम पालक, बोलायचेच थांबतात. पोरगं काहीतरी बोलून जाईल आणि पोलिसांपर्यंत नाव जाईल, ही भीती. अतिरेकाकडे झुकू शकणाऱ्या मुलांसाठीची चॅनल नावाची पुढची मदत पालकांच्या संमतीशिवाय सुरू होत नाही, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. शिक्षकही बिचकतात. आणि मुलं तर घरचं बोलणं जसंच्या तसं वर्गात आणतात: “आईने सांगितलंय, त्यांच्याशी खेळायचं नाही.” ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या शहरात हिंदू-मुस्लिम तरुणांत ज्या हाणामाऱ्या झाल्या, त्यांचे पडसाद घराघरांत अजून आहेत. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा काय काय फिरत होतं, तेही मी पाहिलं आहे. त्यामुळे हा एका समाजाचा प्रश्न आहे असं मी मुळीच मानत नाही.

२९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोर बोटीतून आलेला मुस्लिम निर्वासित असल्याची अफवा उठली आणि दुसऱ्याच दिवशी जमाव तिथल्या मशिदीवर चालून गेला. हल्लेखोर खरं तर कार्डिफमध्ये जन्मलेला होता. त्या दिवसांत माझ्या मुलाने विचारलं, “आपल्याला पण जा म्हणतील का?” अशा प्रश्नाला शाळेत जागा मिळायला हवी. भिंतीवर चार मूल्यांचं पोस्टर आहे, पण मूल ती शिकतं ते स्कूल कौन्सिलच्या निवडणुकीत हरल्यावर आणि मैदानावर भांडण झाल्यावर.

आता नेमकी मदत:

नोव्हेंबरमध्ये यूके पार्लमेंट वीक असतो. त्यात इयर थ्री-फोरच्या असेंब्लीत मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. चवदार तळ्याची गोष्ट सांगायचं मनात आहे: २० मार्च १९२७, महाड, आणि कायद्याने सर्वांसाठी खुलं असूनही ज्यांना पिऊ दिलं जात नव्हतं ते पाणी. चारही मूल्यं त्या एका ओंजळीत आहेत. शिवाय बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवर राहत. महाराष्ट्र सरकारने घेतलेलं ते घर आज स्मारक आहे, मुलांना नेऊनही दाखवता येईल. पण सात ते नऊ वर्षांच्या, निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांना जात कशी समजावायची? दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणी भारतीय मुलाला “तुझी जात कोणती?” असं विचारलं तर? या वयाच्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगितली असेल तर तुमचे शब्द मला हवे आहेत.

बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, स्लाउ इथल्या शाळांत कुणी शिक्षक किंवा गव्हर्नर आहे का? पालकांना प्रिव्हेंट समजावायला कॉफी मॉर्निंग बरी की वर्गशिक्षकांनी एकेकट्याशी बोलणं बरं? पोलिसांना बोलवावं का? माझं मन नाही म्हणतं, पण मुख्याध्यापिकांचं मत वेगळं आहे.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम घेतलेल्या शिक्षकांनीही जरूर लिहा. जोडीत आणि गटात करायच्या उपक्रमांपैकी भांडणं मुलांनीच मिटवायला शिकवणारा कोणता खरंच चालला? कृती सविस्तर दिलीत तर इंग्रजीत मी करून घेईन.

उत्तर देताना मुलांचा वयोगट कृपया लिहा.