बजेटमधली एमटीबी (माउंटन बाइक): तुमचे अनुभव सांगा

टेकडीवरचा

मंडळी, दोन महिने रोज सायकलचे व्हिडिओ बघतोय आणि रोज जास्तच गोंधळतोय. पुण्यात राहतो, रविवारी वेताळ टेकडी आणि इतर दिवशी ऑफिसला सहा किलोमीटर, एवढंच चालवायचंय. बजेट १८ हजार, फारच ताणलं तर २०. उंची साडेपाच फूट, वजन ८२ (हसू नका). कोणती घेऊ ते नका सांगू, मॉडेलं दर वर्षी बदलतात. तुम्ही काय घेतलं, पैसे कुठे वाया गेले आणि कुठला पार्ट सगळ्यात आधी गेला ते लिहा.

रांगडा_गडी

भावा, मी २०१५ ला केलं ते तू करू नको. कोल्हापुरात दुकानासमोर टांगलेली दोन शॉकअपची सायकल, पिवळाधमक रंग, २१ गेअर, साडेनऊ हजार. बघूनच येडा झालो. घेतली आणि गल्लीतल्या धान्याच्या दुकानात काट्यावर चढवली तर १९ किलो! पन्हाळ्याला निघालो तर वाघबीळच्या चढाला पेडल मारलं की मागचा शॉकअप दबतोय, सोडलं की उठतोय, म्हणजे अर्धी ताकद नुसती स्प्रिंग दाबण्यात. उसाचा ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेला, आता बोल. वर्षभरात मागचा जॉइंट ढिला होऊन कुईकुई सुरू, शेवटी चुलतभावाला फुकट दिली, त्यानं पण परत आणून दिली. २० हजाराच्या आत मागं शॉकअप दिसला की सरळ दुकानाबाहेर पडायचं.

छत्तीस_आरे

तुझं ८२ ना, माझं ८८, म्हणून सविस्तर लिहितो. मी फ्रेम बघितली, पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) बघितला, मागचा डिरेलर (गेअर बदलताना चेन सरकवणारा पार्ट) चांगला आहे म्हणून खूश झालो, मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बघायचं असतं हे माहीतच नव्हतं. बोपदेव घाट उतरताना एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं आणि तिथून चाक डुगडुगायला लागलं. मेकॅनिकने उघडलं तर एक्सलचे (हबातल्या दांड्याचे) दोन तुकडे, आत घातलेल्या क्विक रिलीजच्या (चाक पटकन काढायच्या खटक्याच्या) काडीवर चाक कसंबसं टिकून होतं. दोनशे-तीनशेत एक्सल बदलला, पाच महिन्यांनी परत तेच.

मग त्यानेच दोन्ही प्रकारची हबं समोर ठेवून दाखवलं. फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये गेअरचा अख्खा गठ्ठा हबाच्या आट्यांवर बाहेरून बसतो आणि छर्रे त्याच्या आतल्या बाजूला राहतात, त्यामुळे उजवीकडे एक्सलचा बराच भाग बिनआधाराचा, जड माणूस, खड्डा, की वाकलाच. कॅसेटवाल्या हबमध्ये गेअरच्या चकत्या हबावर नुसत्या सरकवून बसवतात आणि उजवीकडचे छर्रे पार टोकाजवळ असतात, भार नीट वाटला जातो. सहा आणि सात गेअरवाल्या स्वस्त सायकलींना बहुतेक फ्रीव्हीलच असतं. आठलाही कधीकधी असतं, म्हणून नुसते गेअर मोजू नकोस, थेट विचार. दुकानदार 'सगळं सेमच असतं' म्हणाला तर त्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. मला नंतर कॅसेटचं चाक, चेन, आठ गेअरचा शिफ्टर (हँडलवरचा गेअरचा खटका) मिळून साडेपाच हजार पडले, तेच आधी टाकले असते तर वरची सायकल आली असती.

डिरेलर शिमानोचा टूर्नी की अल्टस की असेरा यावर लोक तासन्तास भांडतात. माझ्या मते नीट ट्यून केलेली टूर्नी पण टेकडीला चालते, डिरेलर नंतर कधीही बदलता येतो.

सायकलवाली_आई

नाशिकहून. सगळे पार्ट्सवर बोलतायत पण साइझवर कोणीच नाही. माझी उंची पाच फूट दोन, दुकानात एकच सायकल शिल्लक, १८ इंची फ्रेमची. म्हणे 'मॅडम सीट खाली करून देतो ना.' सीट खाली होते हो, पण हँडल जवळ येत नाही ना! पांडवलेणीच्या बाजूला कच्च्या रस्त्याला एकदम उतरायची वेळ आली आणि पाय टेकायच्या आधी वरचा दांडा लागला, कुठे लागला ते लिहीत नाही. तीन महिने मान आणि मनगट दुखून शेवटी तोट्यात विकली. आता १५ इंची आहे, दांडा दोन पायांत घेऊन उभी राहिले तरी चांगली चार बोटं जागा राहते. अजून एक, माझी बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचायची नाहीत, मला वाटायचं ब्रेकच कडक आहे. दांडीजवळ एक बारका स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी जवळ येते. हे मला दीड वर्षाने कळलं!!

जांभ्याची_धूळ

रत्नागिरीत व्ही ब्रेक (रबरं रिमवर घासणारा) घेऊ नका. पावसात लाल मातीचा गाळ रबरात बसतो आणि सॅंडपेपरसारखी रिम घासतो, माझी रिम दोन पावसाळ्यांत हाताला खोलगट लागायला लागली. आता वायरचा डिस्क ब्रेक आहे (चाकाच्या मध्ये लावलेल्या चकतीला पॅड पकडतात), तेलावर चालणारा हायड्रॉलिक भारीच पण बजेटात बसत नव्हता.

डिस्कचा पण किस्सा आहे. चेनला तेलाचा स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडाला, पुसला नि निघालो. रत्नदुर्गाच्या उतारावर ब्रेक दाबला तर नुसतं ओरडतंय, थांबत काही नाही. पुढच्या ब्रेकवर आणि चपलेवर निभावलं. पॅड बदलावे लागले, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. आता डिस्कवर वर्तमानपत्र झाकल्याशिवाय डबा हातात घेत नाही. आणि पुढचा स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क? खाऱ्या हवेनं जाम. अडीच किलोचं लोखंड मिरवतोय नुसतं.

इझारकाठी

म्हणूनच मी शॉकअप घेतलाच नाही :) म्युनिकला आहे, इथे जुनी १९९४ ची स्टीलची २६ इंची एमटीबी १२० युरोत मिळाली, पुढे बिनशॉकअपचा साधा चिमटा. चेन, कॅसेट, केबल, ब्रेकची रबरं यात आणखी ९० गेले. इझार नदीच्या काठच्या पायवाटांना मस्त चालते. फरक पडला तो टायरने. आधीच्या मालकाने ६० पीएसआय हवा ठासून भरली होती, दात खुळखुळायचे. माझं वजन ७४, २.१ इंची टायरला ३२ वर आणली आणि वेगळीच सायकल वाटली. भारतात असतानाच कोणी हे सांगितलं असतं तर...

काटेरी

वेताळ टेकडी म्हणजे बाभूळ. ट्यूब घेताना 'मोठी द्या' म्हणू नका, टायरच्या कडेवर ५४-५८४ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते वाचा. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची चाक, ६२२ म्हणजे २९, ५५९ म्हणजे २६. वॉल्व बारका, फ्रेंचवाला असेल तर रस्त्यावरचा पंक्चरवाला हात वर करतो, पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

टेकडीवरचा

घेतली! २७.५ इंची चाक, मागे शॉकअप नाही, पुढचा लॉक होतो, गेअर पुढे तीन गुणिले मागे आठ, कॅसेट (दुकानदाराने चाक काढून दाखवलं, चिडला होता), वायरचा डिस्क, १७ इंची फ्रेम. १९,२००, बजेटच्या वर गेलं पण घरी १७ सांगितलंय. पहिल्याच रविवारी दोन काटे. सीट मात्र भयंकर टोचते, जेलचं कव्हर घेऊ का?

सायकलवाली_आई

नको, घसरतं. सीट सपाट आहे का ते बघा आधी, दुकानवाले नाक वर करूनच देतात.