दा नांगला आठवडाभर नुसतं लोळायचंय – सल्ला द्या

निवांत_हवंय

मंडळी, या वेळी 'सात दिवसांत चौदा ठिकाणं' नकोत. एकच गाव, एकच हॉटेल, समोर समुद्र, बास. व्हिएतनाममधलं दा नांग जवळजवळ नक्की केलंय. आम्ही चौघं: मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंही खात नाहीत. दिवाळीची सुट्टी धरून जायचा विचार आहे.

१. राहायला कुठला भाग बरा?
२. सासूबाईंच्या जेवणाचं काय?
३. बा ना हिल्सचा तो हातांवरचा पूल बघायलाच हवा का? मुलीने हट्ट धरलाय.
४. व्हिसा, पैसे, फोन यांतलं जे सुचेल ते.

गोव्याला जा, स्वस्त पडेल, असं कृपया कोणी लिहू नका. गोवा झालंय.

कोकणकडा

गोव्याला जा, स्वस्त पडेल. (पळतोय.)

खारा_वारा

बाकी प्रश्न नंतर, आधी तारीख बदला. दिवाळीत दा नांग नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला ऐन पावसाळा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, तो लाओसच्या बाजूलाच रिकामा होतो आणि मधली त्रुओंग सोनची रांग ओलांडून दा नांगला पोचेपर्यंत वारा कोरडा ठणठणीत झालेला असतो. म्हणून जून-जुलैत आपल्याकडे किनाऱ्यावर लाल बावटा असतो तेव्हा तिथला समुद्र तळ्यासारखा शांत. पुढे वारं फिरतं, ईशान्येकडून समुद्रावरचं बाष्प घेऊन त्याच डोंगरावर आदळतं आणि मग कोसळतो. चेन्नईला दिवाळीत पाऊस असतो त्याचंच हे भावंड, वर वादळांची भर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस शेजारच्या होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या.

आपले लोक नेमके दिवाळीत जातात, आठवडाभर हॉटेलच्या खिडकीतून करडा समुद्र बघतात आणि परत येऊन 'व्हिएतनाम काही खास नाही' म्हणतात. त्यात व्हिएतनामचा काय दोष?

फेब्रुवारीअखेर ते ऑगस्ट हा चांगला काळ. मुलीची शाळा आहे म्हणजे मे महिना. ऊन कडक असतं, पण पाणी सुरेख.

निवांत_हवंय

अरे बापरे. एजंटने तर 'दिवाळी स्पेशल' म्हणून पॅकेज पाठवलंय! दिवाळीतच जायचं झालं तर व्हिएतनाममध्ये दुसरं काही? न्हा त्रांग?

खारा_वारा

न्हा त्रांगलाही पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरच, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. दिवाळी उशिरा असेल तर फु कुओक बेट बघा. ते पार दक्षिणेला, कंबोडियाजवळ. तिथला पाऊस आपल्यासारखाच, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आवरतो, मग एप्रिलपर्यंत मजा. मोठा किनारा पश्चिमेकडे आहे, म्हणजे सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. बाहेरच्या देशातून तडक तिथेच गेलात आणि बेटावरच राहिलात तर ३० दिवस व्हिसाही लागत नाही. पण ते बेट आहे, शहर नव्हे. रिसॉर्टच्या बाहेर पडून गल्लीत चक्कर मारायची सवय असेल तर कंटाळाल.

सायगावकर

मी नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहतो. मोठी सुट्टी मिळाली की आमचं कुटुंब दा नांगलाच पळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहराच्या मधून हान नदी जाते. पश्चिमेला जुनं शहर, बाजार, विमानतळ, पूर्वेला समुद्र. विमानतळ अगदी गावात आहे, 'मी खे' नावाच्या किनाऱ्यावर पोचायला पंधरा-वीस मिनिटं. फोनवर ग्रॅब (ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप) टाकून ठेवा, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही.

राहायला मी खे किनाऱ्यामागचा आन थुओंग भाग घ्या. समुद्राला लागून व्हो न्युएन ज्याप हा रुंद रस्ता आहे, त्याच्या अलीकडे हॉटेलं, पलीकडे पदपथ, नारळाची झाडं आणि वाळू. आन थुओंगच्या गल्ल्यांत कॉफीची दुकानं, कपडे धुऊन देणारे, मसाज, औषधांची दुकानं, भारतीय जेवण, सगळं चालत पाच-दहा मिनिटांत. सासूबाईंना एकटीनेही खाली उतरून चक्कर मारता येईल. फक्त रस्ता ओलांडताना सिग्नलवरूनच ओलांडा, स्कूटरी थांबत नाहीत.

दक्षिणेला नोन न्युओकच्या बाजूला मोठे रिसॉर्ट आहेत. सुंदर आहेत, पण पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते. नवीन लग्न झालेल्यांना ठीक.

आता किनाऱ्याचं वेळापत्रक. तुम्ही सकाळी दहाला टोपी-गॉगल घालून गेलात तर तिथे फक्त तुम्हीच असाल. स्थानिक माणूस उन्हाला घाबरतो, बायका तर हातमोजे आणि मास्क घालून स्कूटर चालवतात. पण पहाटे पाचला जा! अख्खं शहर पाण्यात असतं. आजोबा व्यायाम करतायत, पोरांचा फुटबॉल चाललाय, आज्यांचा घोळका कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गप्पा मारतोय. सातला सगळे अंग धुऊन कामावर. पुन्हा संध्याकाळी साडेचारनंतर गर्दी. किनाऱ्यावरच गोड्या पाण्याचे शॉवर आहेत. जीवरक्षक असतात, त्यांच्या बावट्यांच्या आतच पोहा.

एक गोष्ट कोकणातल्या माणसाला पचत नाही: इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी मागे डोंगराआड जातो. म्हणजे लवकर उठणं आलंच. दुपारी झोपा, त्यासाठीच चाललाय ना.

अजून एक. ३० एप्रिल आणि १ मे या इथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या आठवड्यात सगळा देश मी खेवर लोटतो आणि हॉटेलांचे भाव चढतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढे या.

पोळीभाजी

सासूबाईंच्या जेवणाबद्दल. मी पक्की शाकाहारी, आणि उपाशी राहिले नाही. ज्या दुकानावर 'चाय' अशी पाटी दिसेल (आपला चहा नव्हे, रोमनमध्ये सी-एच-ए-वाय) ते शुद्ध शाकाहारी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात, त्यामुळे अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि त्या दिवशी फुल्ल असतात. टोफू, मशरूम, केळफूल, फणसाची भाजी असं बरंच मिळतं.

धोका 'चाय' नसलेल्या ठिकाणी. तिथे नुसती भाजी मागितली तरी न्युओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, पडतंच. आणि भाजीचं सूप म्हणजे हाडांच्या पाण्यात भाजी. तिथे कोणी फसवत नसतं, त्यांच्या लेखी ते मीठच. 'तोय आन चाय' (मी शाकाहारी खाते) हे व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. उच्चाराच्या भानगडीत पडू नका, सूर चुकला की अर्थ बदलतो.

'चाय' दुकानात 'मी क्वांग' मागा. हळदीच्या रंगाच्या जाड शेवया, जेमतेम भिजतील इतकाच रस्सा, वर शेंगदाणे आणि भाजलेला तांदळाचा पापड चुरून. सासूबाईंना पापड बघूनच बरं वाटेल. बान सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं कुरकुरीत धिरडं, तेही चाय प्रकारात मिळतं. सकाळी रस्त्यावर मूगडाळ घातलेला चिकट भात मिळतो, पण वर काय भुरभुरवतायत ते बघून घ्या.

मुलीला बाक मी आन बाजारात न्या, आव्होकाडोच्या गरावर नारळाचं आइस्क्रीम मिळतं. नाव ऐकून नाक मुरडेल, मग दुसरं मागेल.

सह्यभटक्या

बा ना हिल्सवर माझं मत: नको. तो गोल्डन ब्रिज २०१८ चा. दीडशे मीटर लांब, आणि ते दगडी दिसणारे हात फायबरग्लासचे आहेत. केबल कार मात्र खरंच भारी, साडेपाच किलोमीटरहून लांब, खाली नुसतं जंगल. पण वर काय, तर खोटं फ्रेंच गाव आणि फोटोसाठी रांगा. तिकीट महाग, दिवस जातो.

त्यापेक्षा रिक्षाच्या भाड्यात हाय वान घाट बघता येतो. दा नांग ते ह्युए रेल्वेने जा. गाडी घाटात समुद्राला चिकटून जाते, खाली माणूस नसलेले किनारे दिसतात. जाताना समुद्र उजव्या हाताला, तिकीट काढताना ती बाजू बघून घ्या.

गुलबकावली

@सह्यभटक्या, तेरा वर्षांच्या मुलीला घाट दाखवून तिचा गोल्डन ब्रिज बुडवायचा? तुम्हाला मुलं नसावीत. :) निवांत ताई, वडील आणि मुलगी जाऊ देत सकाळची पहिली केबल कार पकडून, दुपारपर्यंत परत येतील. तुम्ही आणि सासूबाई मसाजला. वर चौदाशे मीटर उंची आहे, खाली ३६ अंश असले तरी वर स्वेटर लागू शकतो.

इतिहासाचा_विद्यार्थी

लोळून कंटाळा आला की एक सकाळ चाम शिल्पांच्या संग्रहालयाला द्या. हान नदीवरच्या ड्रॅगन ब्रिजच्या पश्चिम टोकाला आहे, फ्रेंचांनी १९१९ मध्ये सुरू केलेलं. मध्य व्हिएतनाममध्ये हजारभर वर्षं चंपा राज्य होतं, राजांची नावं भद्रवर्मन, इंद्रवर्मन अशी. 'मी सोन' या ठिकाणाहून आणलेला उभा गणपती तिथे आहे, सातव्या-आठव्या शतकातला. बैठा गणपती बघायची आपल्याला इतकी सवय की हा पायावर ताठ उभा देव बघून क्षणभर ओळख पटत नाही. अंगावर फारसे दागिने नाहीत, पोट मात्र अस्सल. सासूबाई हात जोडतीलच.

'मी सोन' हे मूळ मंदिरस्थळ ७० किलोमीटरवर आहे. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत तिथलं सर्वांत मोठं मंदिर गेलं. अलीकडे आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे डागडुजीचं काम केलं, २०२० मध्ये खोदताना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. पण तिथे चढउतार आणि भयंकर ऊन. गुडघे दुखणाऱ्यांनी संग्रहालयावर समाधान मानावं.

सायगावकर

गुडघ्यांवरून आठवलं. सोन त्रा द्वीपकल्पावर लिन उंग पॅगोडात ६७ मीटर उंच बोधिसत्त्वाची पांढरी मूर्ती आहे, गाडी वरपर्यंत जाते. मी खेवरून ती रोज दिसतेच. मार्बल माउंटनला लिफ्ट आहे म्हणून फसू नका, वर गुहांमध्ये पायऱ्या आहेतच.

सोन त्राच्या वाटेवर मान थाय किनाऱ्यावर सकाळी लवकर थांबा. कोळी गोल टोपल्यांतून मासळी आणतात. बांबूची विणलेली, आतबाहेर डांबरासारखं काहीतरी फासलेली टोपली, आजकाल फायबरचीही. एकच वल्हं, ते पुढ्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत माणूस उभ्याउभ्या किनाऱ्याला लागतो. वाळूवरच बायका लिलाव करतात, आवाज अगदी हर्णैच्या जेटीसारखा. होई आनजवळ पर्यटकांसाठी याच टोपल्यांची सफर असते, तिथे मधोमध कराओके लावून टोपली गरागरा फिरवतात. मुलीला आवडेल. सासूबाईंना नको.

तिकिटवाला

व्हिसा: ई-व्हिसा काढा, सरकारी संकेतस्थळावरूनच. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी स्थळं दुप्पट-तिप्पट घेतात, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे का बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून येतं, ते तसंच्या तसं भरा. गाळलं की विमानतळावर वाद. दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा.

पैसे: तिथलं चलन डोंग. रकमेची शेवटची तीन शून्यं पुसा आणि साडेतीनने गुणा, साधारण रुपये येतात. म्हणजे लाख डोंग म्हणजे साडेतीनशेच्या आतबाहेर. पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळ्या. अंधारात टॅक्सीत देताना दोनदा बघा. रुपये नेऊ नका, कोऱ्या डॉलरच्या नोटा न्या.

स्कूटर: भाड्याने देणारा परवाना विचारणार नाही. पण आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. ग्रॅब स्वस्त आहे, सोडून द्या.

निवांत_हवंय

ठरलं, मेचा तिसरा आठवडा, आन थुओंग. एजंटला नाही म्हणून कळवलं, तो आता 'समर स्पेशल' पाठवतोय. बा ना हिल्सला बापलेक जाणार.

ड्रॅगन ब्रिज आग ओकतो तो रोज का? आणि सासूबाईंचा एकच प्रश्न उरलाय: चहा.

गुलबकावली

रोज नाही, शुक्रवार ते रविवार रात्री नऊला. आधी आग, मग पाणी. पाण्याच्या वेळी तोंडाजवळ उभं राहाल तर चिंब व्हाल.

पोळीभाजी

चहा घरून. पावडर, साखर, आलं किसायची छोटी किसणी. खोलीत किटली असते, पण तिच्यात दूध उकळू नका. कॉफीच्या दुकानांत आटवलेलं गोड दूधच वापरतात, ताजं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, खोक्यावर 'बिनसाखरेचं' आहे का ते भाषांतराच्या ॲपने बघून घ्या. एक छोटं विजेवरचं पातेलं नेलंत तर खिचडीचीही सोय होते. आपल्या दोन गोल पिनांचे प्लग तिथे बहुतेक बसतात.

निवांत_हवंय

पातेलं घेतलं. हातातल्या सामानात चालेल की चेक-इनमध्ये टाकू?

तिकिटवाला

चेक-इन. स्वस्त विमानांत हातातलं सामान सात किलो, आणि ते खरंच वजन करतात.