डिफीटचे चाळीस शब्द पाठ करून पोट्टे काय करतीन?

काळीमाती:
तालुक्याच्या एका क्लासवाल्या सरांची पोस्ट दोन दिवसांपासून फिरते आहे. "इंग्रजीत डिफीटला चाळीस समानार्थी शब्द आहेत, मराठीत हरवणे म्हटलं की विषय संपला. खेड्यातल्या मुलांनी रोज पाच पाठ करावेत." खाली यादी: बीट, थ्रॅश, ट्राउन्स, राउट, व्हँक्विश, सबड्यू, ओव्हरकम, आउटविट. आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच, हरवणे!

डोकं फिरलं म्हणून लिहितो. राउट झालेली फौज नुसती हरत नाही, फळी मोडून वाट फुटेल तिकडे पळते. सबड्यू झालेला माणूस हरल्यावर दबूनही राहतो. ओव्हरकम अडचणीवर, भीतीवर, आजारावर चालतं. व्हँक्विश आज बोलण्यात कोणी वापरत नाही, ते पोथीतलं. आउटविटला मनगट लागत नाही, डोकं लागतं. उद्या पोरगं निबंधात लिहील, "माझ्या आजोबांनी टायफॉइडला थ्रॅश केलं", आणि मार्क कापणारे हेच सर असतील.

आणि मराठीत विषय संपला म्हणे! चितपट करणे, धूळ चारणे, पाणी पाजणे, लोळवणे, धुव्वा उडवणे, नामोहरम करणे, कुरघोडी, शह, काटशह, हातावर तुरी देणे. तुरीच्या पट्ट्यात क्लास चालवून हे आठवत नसेल तर धन्य आहे.

हॉलतिकीट:
भाऊ, हातावर तुरी देऊन माणूस पळून जाते, तो कोणाले हरवत नाही. दुसऱ्याच्या यादीत खडे काढता अन् तुमच्याच यादीत खडा. 😀

बाकी तुमचं बरोबर असंल, पण पेपरात कोणी छटा विचारत नाही. व्हँक्विश देते, खाली चार पर्याय देते, गोल काळा कराचा. मले तो अशाच एका यादीतून आठवला होता. तुम्ही वावरात बसून शब्दाचं सौंदर्य पाहा, आमचं सारं कटऑफवर अडलं हाय. सरांची फी परवडत नाही, यादी फुकट भेटते, तिले काऊन नावं ठेवता?

काळीमाती:
तुरीचं मान्य, घ्या, खुश? पण पर्यायांत कॉन्कर आणि सबड्यू दोन्ही आले की गोल कुठं काळा करणार? तिथं छटाच विचारलेली असते.

निवृत्त_बाई:
दोघेही जरा थांबा. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून बोलते. याद्या आम्हीही दिल्या, पण गोष्ट जोडून दिली की शब्द मुलांच्या डोक्यात राहतो. थ्रॅश आणि थ्रेश हा मुळात एकच शब्द. धुऱ्यावर सोयाबीन काढायला येतो तो थ्रेशर, त्याच घरातला. विरोधी संघाची मळणी केली म्हणजे थ्रॅश. हे सांगितलं की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंही विसरत नाही. बेस्ट आणि वर्स्ट यांची गंमत तर वेगळीच. विशेषण म्हणून एकमेकांच्या उलट, क्रियापद केलं की दोन्हींचा अर्थ मात करणे.

आणि काळीमातीजी, शह नि मात या दोघी फारसीतून आल्या. इंग्रजीतलं चेकमेटही त्याच शाह मातमधून. इतकंच काय, बँकेचा चेकसुद्धा फिरून फिरून त्या शहापर्यंतच जातो. तेव्हा आपली भाषा श्रीमंत, त्यांची उधारीची, हा सूर नको.

काळीमाती:
तो सूर मी लावलाच नाही. सरांनी उलटा लावला होता.

गल्ली_क्रिकेट:
शब्दाचं सोडा. आपल्या विदर्भानं 2025 च्या रणजी फायनलमध्ये केरळले हरवलं, तवा पेपरवाल्यांनी कोणता शब्द वापरला ते पाहा.

निवृत्त_बाई:
हरवलं नाही बाळा. सामना अनिर्णित राहिला. विदर्भ 379, केरळ 342. पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आला. हरवलं ते उपांत्य फेरीत मुंबईला, 80 धावांनी. फायनलला थ्रॅश, ट्राउन्स काहीच लागू नाही आणि डिफीटही नाही. यादीतले चाळीसच्या चाळीस शब्द तिथं चुकतात.

गल्ली_क्रिकेट:
करंडक कोणाच्या घरी आला ते सांगा. बस्स.

सोयाबीनचा_बाप:
बाईंनी थ्रेशरचं नाव काढलं अन् जखम उघडी झाली. 2024 चा हंगाम. हमीभाव क्विंटलले 4892 रुपये. गावातल्या मीटरवर माझ्या मालाचा ओलावा 11 आला. बाजार समितीत नेला तं एका अडत्याच्या मीटरवर 15! हर्रासात भाव पाडला, वरून कडता, म्हंजे वजनातली कपात, कापला. सरकारी खरेदीले 12 टक्क्यांची अट, तिथी लाइन लागली होती, मजुराचे पैसे डोक्यावर. देऊन टाकला माल. मंग सरकारनं नोव्हेंबरात 15 टक्क्यांपर्यंत सूट देली. तवर आमचं घर रिकामं.

आता सांगा, याले यादीतला कोणता शब्द लावू? आउटविट?

अडत_दुकान:
आला का विषय इथंच! इंग्रजीच्या धाग्यात पण अडत्याच चोर. सकाळच्या दवात पोतं भरता, वरचा थर उन्हात वाळते, मधात बोटं घातली तं गारगार. गावचं मीटर वरच्या दाण्यावर लावलं असंल. ओला माल आम्ही घेतला तं गोदामात बुरशी आमच्याच नशिबी येते. मिलवाला आमचाही भाव कापते, ते कोणी लिहीत नाही.

सोयाबीनचा_बाप:
दवात भरलं म्हणता? तुम्ही होता काय माझ्या वावरात? दुपारी काढलं, दोन दिवस खळ्यावर ताडपत्रीवर वाळवलं.

अडत_दुकान:
सारेच असं सांगतात.

सोयाबीनचा_बाप:
अन् सारेच अडते असं ऐकवतात. बाईंनी सांगतलं ना, चेक शहातून आला. म्हून तुमचा चेक वटाले महिना लागते, शहाची मर्जी फिरेपर्यंत थांबा लागते!

अडत_दुकान:
तोंड सांभाळून. माझ्या दुकानात चोवीस तासांत पैसे भेटतात, गावात कोणालेही विचारा. एका माणसाच्या पापाचा हिशेब सगळ्या लाइनीच्या नावावर टाकू नका.

हॉलतिकीट:
राजेहो, शांत. सवाल चांगला हाय. शेतकऱ्याले आउटविट केलं म्हणाचं की चीट?

काळीमाती:
हेच तर सकाळपासून सांगतोय! आउटविटमध्ये दोघांच्या हातात पत्ते असतात, एक जण हुशारीने डाव मारतो. ऐकणारा हरणाऱ्याला थोडं हसतो, जिंकणाऱ्याला शाबासकी देतो. मीटरच खोटं असेल तर तो डाव नव्हे, ती लूट. पोरांनी दोन्हींपुढे "हरवणे" लिहून पाठ केलं, तर उद्या कोणी बापाला लुटलं तरी म्हणतील, तुम्ही हरलात.

अडत_दुकान:
"खोटं असेल तर." तो "तर" ध्यानात ठेवा. मीटर खोटं होतं हे कोणी सिद्ध केलं? हमीभावापेक्षा कमी भाव ओलाव्यानं भेटला की बाजारानं, हेही वेगळं काढा. त्या सालात कोरड्या मालालेही खुल्या बाजारात हमीभाव नव्हता.

सोयाबीनचा_बाप:
ते खरं. कोरड्यालेही नव्हता. पण कोरड्याचा भाव अन् मले देलेला भाव, यातली दरी कोणी खाल्ली?

निवृत्त_बाई:
अडत साहेबांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. एकाच पोत्याचे वरचे आणि मधले दाणे वेगळे आकडे दाखवू शकतात. पण मग नमुना कुठून घ्यायचा हे एकटा घेणारा का ठरवतो? तिथंच सगळी गोम आहे.

हॉलतिकीट:
बाई, तुम्ही क्लास काढा. सरांच्या यादीतले दहा शब्द मी आज कापले, बाकीचे तीस तरी पाठ करतोच. कटऑफले तुमची गोष्ट समजत नाही.

काळीमाती:
करा. पण प्रत्येकापुढे एक एक वाक्य लिहा, एवढी मेहरबानी.

अडत_दुकान:
सोयाबीनचा बाप, यंदा माल माझ्याकडं आणा. 2025 च्या हंगामाचा हमीभाव 5328 होता, यंदा हमीभावाएवढा देईन असं मी म्हणत नाही. पण मीटर तुमचं आणा, माझंही लावू. दोन्ही आकडे पट्टीवर, म्हंजे विक्रीच्या पावतीवर, लिहून देतो.

सोयाबीनचा_बाप:
आणतो. पोतं कोणतं फोडाचं अन् दाणे कुठून घ्याचे ते मी सांगीन. अन् नमुना म्हून दर पोत्यातून जे मूठ मूठ काढता, ते मोजून झाल्यावर माझ्याच पोत्यात परत पडलं पाहिजे. आजवर ते कोणाच्या पोत्यात गेलं ते बी सांगा एकडाव.